दादांचा खाडा

मन बिघडलेल्या माणसाला काम सांगावं, असं आमच्या जुन्नरात कुणाला वाटत नाही. ‘बिचाऱ्याला बसू द्या,’ म्हणतात. आमचे दादा असेच सहा वर्षं ओट्यावर बसून होते. औषधांनी कानातले आवाज थांबले, झोप लागू लागली. पण सकाळी उठून करायचं काय, हे गोळी थोडंच सांगते?

ते सांगणारं शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. कमला निंबकर या जन्मानं अमेरिकन असलेल्या बाईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची शाळा काढली. रुग्णानं सकाळी केंद्रात यावं, झेपेल तेवढं काम करावं, चार माणसांत जेवावं, संध्याकाळी घरी जावं.

पण पुणं आम्हांला सुमारे ९० किलोमीटर! नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर करीत रोज जाऊन यायचं, तर दिवस एस. टी.तच मावळायचा. शेवटी वहिनींनी पडवीतच केंद्र काढलं. सल्ला पुण्याच्या व्यवसायोपचारवाल्या बाईंचा. पहिल्या आठवड्यात दादांनी नुसते टोमॅटो पुसायचे. मग कच्चे-पिकले निवडायचे. मग क्रेट भरायचे. वेळ मात्र ठरलेली. आठ म्हणजे आठ. ‘आजारी नवऱ्याला राबवते’ असं शेजारणी बोलल्या. वहिनींनी ऐकून घेतलं.

बाजाराच्या दिवशी त्यांनी इतर बायांबरोबर दादांच्याही हातावर मजुरी ठेवली. दादांनी नोटा दोनदा मोजल्या.

“अगं, मंगळवारचा खाडा कापला नाहीस,” ते म्हणाले.