काळी एक

मला हेवी मेटल कळत नाही, असे आमच्या नातीचे ठाम मत आहे. आता ज्याने चौतीस वर्षे पॉवर प्रेसवर पत्रा कापण्यात घालवली, त्याला मेटल कळत नाही म्हणायचे म्हणजे जरा जास्तच झाले!

पण तिचे मेटल निराळे. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ' या चौघांची पहिली तबकडी १९७० साली निघाली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याचा तो दाट, घोगरा, भुईतून आल्यासारखा आवाज आपल्या गिटारीतून हुबेहूब काढायचा, असा तिने पण केला आहे. सुट्टीभर घरात दुसरा विषय नाही.

प्रथम तिने यंत्रावरची सगळी बटणे शेवटपर्यंत पिळली. आवाज निघाला, पण गोणपाटात कोंडलेल्या भुंग्याचा. मग कळले ते उलटेच. आवाज दाट करण्यासाठी हा गृहस्थ तो आधी पातळ करी! गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये 'ट्रेबल बूस्टर' नावाची एक डबी, तिच्यात जर्मेनियमचा एक ट्रान्झिस्टर. ही डबी खर्जाला मागे ठेवते, उंच स्वरांना पुढे ढकलते आणि त्या धक्क्याने लेनी अॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह गुदमरतात. जुन्या रेडिओतले ते व्हॉल्व्ह, आठवतात ना? खर्ज आधीच आवरलेला, म्हणून गुदमरूनही आवाज गढूळ होत नाही.

पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त त्याने तारा सैल केल्या. पेटीवर सांगतो, म्हणजे चटकन कळेल. गिटारीची सर्वांत जाड तार पांढरी तीनमध्ये लावतात, ती त्याने काळी एकवर आणली. बाकीच्या त्याच हिशेबाने. का? तर ताठ तारा दाबताना बोटे दुखत.

इथे मात्र मी कान टवकारले.

साल १९६५. सतरा वर्षांचा हा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करी. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला, तो परत जाणारच नव्हता. आईने बजावले, काम पुरे करून ये. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस गैरहजर, म्हणून याला तिथे उभे केलेले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक गेले. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. नवख्याला प्रेसवर उभे करणे म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जॅंगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. १९२८ च्या आगीत दोन बोटे निकामी होऊनही वाजवणारा तो जॅंगो! मग याने भांड्यांच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर कातडे चिकटवले, बॅंजोच्या बारीक तारा चढवल्या.

नातीने रिकामी बाटली आणि सोल्डरिंग आयर्न माझ्यापुढे ठेवले. फिटरचा हात, तो! तिसऱ्या दिवशी दोन टोप्या तयार. पॉलिश पेपरने घासल्या, जुन्या पाकिटाचे कातडे लावले.

"आजोबा, तार कुठे आहे तेच कळत नाही हो!"

तासाभराने तिला अंदाज आला. काळी एकवर तिने एक सूर धरला आणि खिडकीचे तावदान थरथरले. "मिक्सर बिघडला वाटतं," सौ. आतून म्हणाली. नात मात्र माझ्याकडे बघून हसली. जमले होते.

आमच्या शॉपमध्ये एक जण होता. गणपतीत भजनाला पेटी त्याची. १९८६ साली प्रेसखाली त्याची दोन बोटे अर्धी गेली. भरपाई मिळाली, स्टोअरमध्ये हलके कामही मिळाले. पेटी त्याने भाच्याला देऊन टाकली. आमच्यापैकी कुणाला जॅंगो ठाऊक नव्हता.

तो आता पंचाहत्तरीत आहे, सिन्नरला मुलाकडे असतो. नात म्हणते, "माप घेऊन या त्यांचं." सौ. म्हणते, "चाळीस वर्षांची जखम कशाला उकरता?" दोघींचेही म्हणणे पटते. तूर्त बाटल्या जमवतो आहे.