साक्रीच्या आकाशातले ग्रह, वेबकॅमच्या चौकटीत

दुर्बिणीतून ग्रहाचे छायाचित्र घेताना खरी अडचण प्रकाशाची नसते, हवेची असते. गुरू, शुक्र, मंगळ पुरेसे उजळ आहेत. गावातल्या रस्त्यावरच्या दिव्यांनीही त्यांचे फारसे बिघडत नाही. पण दुर्बिणीत मोठे केलेले गुरूचे बिंब वाहत्या पाण्याखालच्या नाण्यासारखे हलते, आणि एकच छायाचित्र घेतले तर ते बहुधा नेमक्या चुकीच्या क्षणी घेतलेले निघते. वेबकॅम सेकंदाला अनेक फ्रेम टिपतो. हवा क्षणभर थबकली तेव्हाच्या फ्रेम त्यातून निवडून एकावर एक रचल्या की तपशील वर येतो. नशिबाने चांगली फ्रेम मिळण्याची शक्यता किती, याचे गणित डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ साली मांडले होते. हौशी निरीक्षकांच्या हाती ही पद्धत आली ती मात्र स्वस्त वेबकॅममुळे आणि कोर बेरेव्होएट्स यांनी मोफत दिलेल्या ‘रेजिस्टॅक्स’ या सॉफ्टवेअरमुळे.

वेबकॅमच्या त्या सुरुवातीच्या काळात फिलिप्सचा ‘टू-यूकॅम प्रो’ या कामासाठी नावाजलेला होता. त्याची चौकट ६४० × ४८० पिक्सेलची आणि एकेक पिक्सेल ५.६ मायक्रॉनचा. कॅमेऱ्याचे भिंग फिरवून काढायचे आणि त्या जागी नेत्रिकेच्या मापाची सव्वा इंची नळी बसवायची. ३५ मिलिमीटर फिल्मची रिकामी डबी जवळपास त्याच मापाची असते. तिचा तळ कापून अनेकांनी काम भागवले. बऱ्याच वेबकॅममध्ये भिंगाबरोबर अवरक्त किरण अडवणारी काचही निघून जाते. ती वेगळी बसवली नाही तर ग्रहाचे रंग बिघडतात आणि कडा फुगते.

प्रस्तुत लेखकाने धुळे जिल्ह्यातल्या साक्रीत वापरलेली दुर्बीण १५० मिलिमीटर आरशाची न्यूटनी परावर्तक आहे. तिचे केंद्रांतर १२०० मिलिमीटर. अडीचपट बार्लो भिंग लावले की ते ३००० होते. गुरूचे बिंब ४५ विकला (आर्कसेकंद) असेल तर पडद्यावर ते सुमारे ११७ पिक्सेल रुंद दिसते. लॅपटॉपपाशी येणाऱ्या शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “भाऊ, इतलाच शे का गुरू?” इतलाच असतो, आणि तो ताणून मोठा करण्यात अर्थ नाही. या आरशाची भेदनमर्यादा पाऊण विकलेच्या आसपास आहे आणि एक पिक्सेल ०.३८ विकलेचा. आरसा जेवढे दाखवू शकतो तेवढे एवढ्यातच येऊन जाते.

हवेची परीक्षा साक्रीत फार बारकाईने करावी लागते. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. तोवर गच्चीवरून घेतलेला गुरू उकळत असतो, हे लॅपटॉपवर उघड दिसते: बिंबाची कडा एका बाजूने फुगते, मग दुसऱ्या बाजूने, आणि पट्टे जुळतात न जुळतात तोच विरघळतात. तीच दुर्बीण गावाबाहेर मातीच्या जमिनीवर उभी केली की त्याच रात्री फरक पडतो. घरातून बाहेर आणलेला आरसाही बाहेरच्या हवेइतका निवावा लागतो. त्याला तासभर द्यावा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. वाऱ्याच्या रात्री तिपाई हलते आणि बार्लो त्या हलण्यालाही अडीचपट करतो. डिसेंबरच्या थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा राज्यातल्या नीचांकांमध्ये असतो, आकाश काचेसारखे स्वच्छ असते, तारे झगमगतात. ताऱ्यांचा फोटो घेणाऱ्याला ते सुख. ग्रह टिपणाऱ्याने मात्र झगमगाट दिसला की सामान आवरलेले बरे. याउलट मार्च-एप्रिलमधली एखादी धुळकट, पान न हलणारी रात्र कामाची निघते. लुकलुकणे हे हलत्या हवेचे लक्षण आहे, आणि डोक्यावरचा तारा स्थिर दिसतो का, ही त्यासाठी कोणत्याही अ‍ॅपपेक्षा भरवशाची कसोटी.

अक्षांशाची बाजू मात्र साक्रीला भक्कम आहे. गाव सुमारे २१ अंश उत्तरेला असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो. उत्तरेला घरे असली की तो झाकला जातो आणि विषुववृत्तीय बैठक ध्रुवाशी जुळवायला वेळ जातो. पण ७ डिसेंबर २०२४ च्या प्रतियुतीला, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर असताना, गुरू वृषभ राशीत, सुमारे २२ अंश उत्तर क्रांतीवर होता. म्हणजे मध्यरात्री साक्रीच्या अगदी माथ्यावर. लंडनहून तोच गुरू माथ्यापासून जवळजवळ तीस अंश खाली होता. माथ्यावरच्या ग्रहाचा प्रकाश सर्वांत कमी हवेतून येतो. डॉब्सन बैठक असलेल्याला मात्र ऐन माथ्यावरचा ग्रह चौकटीत धरणे जिकिरीचे होते, कारण तिथे दुर्बीण भराभर आडवी फिरवत राहावी लागते.

ग्रह क्षितिजाकडे झुकला की हवा प्रकाशाचे रंग वेगळे करते. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी एकमेकांपासून सहा कलांवर आले, तेव्हा ते संध्याकाळी नैर्ऋत्येला खाली होते; दोन्ही बिंबांना वर निळसर आणि खाली तांबूस किनार येत होती. बार्लो ठेवला तर दोघे एका चौकटीत मावत नव्हते, काढला की मावत होते.

खानदेशातल्या निरीक्षकाचे वेळापत्रक शेवटी पावसाळा ठरवतो. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला आणि जुलै २०१८ मध्येही तो फार दूर नव्हता, पण दोन्ही वेळा ढग आडवे. शिवाय २०१८ मध्ये मंगळावरच धुळीचे वादळ होते. ऑक्टोबर २०२० ची प्रतियुती पावसाळा सरताच आली. शनीची प्रतियुती दरवर्षी सुमारे दोन आठवड्यांनी पुढे सरकते: २०२३ मध्ये २७ ऑगस्ट, २०२४ मध्ये ८ सप्टेंबर, २०२५ मध्ये २१ सप्टेंबर. २०२६ मध्ये ती ४ ऑक्टोबरला आहे.

गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. दोन मिनिटांत बिंबाच्या मध्यावरचा तपशील सुमारे अर्धी विकला सरकतो, म्हणून या आरशाला चित्रफीत दोनच मिनिटांची पुरे. सेकंदाला दहा फ्रेमच्या हिशेबाने १२०० फ्रेम मिळतात. टू-यूकॅमला याहून वेग दिला की तो चित्र आणखी दाबून पाठवतो आणि बारकावे जातात. या १२०० फ्रेममधल्या उत्तम ४०० रचल्या तर दाणेदारपणा वीस पटींनी घटतो, आणि मगच चित्राला धार देता येते. इथे हात सैल सुटतो. धार जास्त झाली की मंगळाच्या कडेला आत एक फिकट वर्तुळ उमटते. ते मंगळावर नसते.

प्रत्येक चित्रफितीबरोबर वेळ नोंदवायची ती जागतिक वेळेत, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ नवा काळा डाग दिसला, तो आघाताचा निघाला. असा डाग दुसऱ्या कोणाच्या चित्रात आधी होता की नव्हता, हे पडताळायला त्या नोंदीच लागतात.