रस्त्याच्या पैशातून घेतलेलं खोपोलीचं घर



सोयाबीनची दुसरी कोळपणी अर्ध्यावर आलीय. आठ दिवस पावसाचा थेंब नाही. दुपारचं ऊन फार, म्हणून कोळपं सोडून बांधावर लिंबाखाली बसलोय. एरवी इथं मी पिकाचं लिहितो. आज जरा वेगळं लिहितोय, कारण या महिन्यातला चौथा फोन काल आला. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गात ज्यांची रानं गेली, त्यातल्याच एका पाहुण्याचा. "पैसे जमा झालेत. तुमचं तिकडं खोपोलीला इमॅजिकाजवळ घर आहे म्हणं. भाड्यानं जातंय म्हणं. आम्हीबी घ्यावं का?"

हो, आहे. अकरा वर्षं झाली. फोनवर दहा मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आमचं रान सोलापूर-तुळजापूर-येडशी रस्ता चौपदरी झाला त्यात गेलं. सगळं नाही, रस्त्याकडेची पट्टी. पण त्यात विहीर गेली आणि आंब्याची सहा झाडं गेली. मोबदला हातात आला तेव्हा घरात दोन मतं होती. आण्णांचं म्हणणं सरळ होतं. बांधाला लागून साडेपाच एकर काळं रान विकायला निघालं होतं, सहा लाख रुपये एकरानं. आण्णा म्हणायचे, "रानाचा पैसा हाय, रानातच घाल. तिकडं डोंगरात घर घिऊन कोण ऱ्हाणाराय?"

दुसरं मत पुण्याच्या दाजींचं. दाजींची गाडी द्रुतगती मार्गावरून सारखी मुंबईला जायची. २०१३ च्या एप्रिलमध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका सुरू झालं होतं, मनमोहन शेट्टींच्या अ‍ॅडलॅब्सचं. तोपर्यंत असलं मोठं पार्क म्हटलं की गोराईचं एस्सेलवर्ल्ड, तिथं बोटीनं जायचं. हे मात्र मुंबई आणि पुण्याच्या मधोमध, गाडी थेट दारात. वॉटर पार्कही होतंय, दाजी म्हणाले, एका दिवसात लोकांचं बघून होणार नाही, मुक्काम करावा लागणार, हॉटेल परवडत नाही तो घर भाड्यानं घेणार. "भाऊ, शेतीत वर्षातून दोनदा पैसा, तोही पाऊस पडला तर. इथं दर शनिवारी पैसा."

२०१२-१३ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. दर शनिवारी पैसा, हे वाक्य मला लागलं.

घर घेतलं २०१४ च्या शेवटाला. तीन खोल्या, हॉल, मागं वीस बाय दहा फुटांचा पोहण्याचा हौद. ओळीतली आठ घरं, त्यातलं हे एक. खरेदी, मुद्रांक शुल्क, फर्निचर, एसी धरून ४७ लाख. मोबदल्यात थोडी भर घालावी लागली, ती सोसायटीच्या कर्जातून आणि बायकोच्या पाटल्यांतून घातली.

घेताना एक काम बरोबर केलं, ते आधी सांगतो. पहिल्यांदा जी जागा दाखवली होती ती याच्यापेक्षा बरीच स्वस्त होती. माहितीपत्रकावर 'फार्महाऊस प्लॉट' छापलेलं. सातबारा बघितला तर एकाच गटावर बारा जणांची सामायिक नावं, जमीन शेतीचीच, आणि दोन-दोन गुंठे विकणं चाललेलं. तुकडेबंदीचा कायदा आपल्याला गावात भावकीच्या वाटणीत रोज अडवतो. मग तिथंच तो नाही असं कसं होईल? बिनशेतीच्या आदेशाची नक्कल मागितली तर एजंट म्हणाला, "साहेब, सगळे असंच घेतात." मी उठलो. नंतर कळलं, तिथले लोक अजून तलाठ्याकडं चकरा मारतायत. माहितीपत्रकावर काय छापायचं ते छापू द्या, तुम्ही सातबारा, बिनशेती आदेश आणि बांधकामाची मंजुरी हे तीन कागद हातात घेतल्याशिवाय इसार देऊ नका.

आता हिशोब. आपण एकरी खर्च मांडतो तसाच मांडतो. सगळ्यात चांगलं वर्ष २०१५-१६. शहरातला माणूस शुक्रवारी संध्याकाळी निघतो आणि रविवारी दुपारी परततो. म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे, त्यातल्या दोन-दोन रात्री, झाल्या १०४. मधले वार जवळजवळ रिकामेच. परीक्षेच्या दिवसांत शनिवारही रिकामा. मे महिना आणि डिसेंबरचा शेवट यांनी ते भरून काढलं आणि त्या वर्षी १०२ रात्री गेल्या. सरासरी साडेसात हजार धरा, आले ७ लाख ६५ हजार. ऐकायला बरं वाटतं. फोन करणारे इथपर्यंतच ऐकतात.

बुकिंग आणून देणाऱ्याचे वीस टक्के गेले, १ लाख ५३ हजार. घर राखणाऱ्याचा पगार ९६ हजार. वीजबिल ७२ हजार. पाणी आणि हौदाची औषधं ५५ हजार. चादरी-टॉवेलांची धुलाई, साबण ४८ हजार. आठ घरांचा सामायिक खर्च ४२ हजार. डागडुजी ६० हजार. खर्च झाला ५ लाख २६ हजार, हातात राहिले २ लाख ३९ हजार. ४७ लाखांवर पाच टक्के. तेव्हा बँकेत मुदत ठेव ठेवली असती तर साडेसात टक्क्यांनी साडेतीन लाख आले असते, घरी बसून, एकाही गिऱ्हाइकाची उलटी न पुसता.

आणि हे उत्पन्न शेतीचं नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही ही सवय आपल्या अंगात मुरलेली असते. शनिवारच्या भाड्याला ती सवलत नाही, विवरणपत्र भरावं लागतं. मी पहिली दोन वर्षं भरलं नाही, नंतर दंडासकट भरलं.

डागडुजीचं विशेष सांगायला पाहिजे, कारण आपल्या भागातल्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही. आपल्याकडं वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस. तिकडं घाटाच्या पायथ्याला तीन हजारांच्या वर. आपण घराला रंग देतो तो लग्नकार्य निघालं की. तिकडं दरवर्षी. जूनमध्ये चांगली गादी ठेवून या, ऑगस्टमध्ये तिच्यावर हिरवी बुरशी. लाकडी दार फुगतं, कुलूप गंजतं, एसीच्या पेटीत मुंग्या घर करतात. इथून खोपोली साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं. नळ गळाला म्हणून जायचं तर रात्रीची गाडी, दुसरा दिवस तिथं, तिसऱ्या दिवशी परत. पेरणीच्या तोंडावर असं तीनदा झालं. त्यातली एक पेरणी चार दिवसांनी लांबली आणि उडीद हातचा गेला. तो तोटा मी वरच्या हिशोबात धरलेला नाही.

मग राखण करणाऱ्यावर सगळं. तो जवळच्याच पाड्यावरचा, बायको आणि तो मिळून घर बघतात. मला 'शेठ' म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतोय म्हणून. माणूस चोख. पण एकदा हौदाशेजारी बसून बोलता बोलता सहज म्हणाला, "शेठ, इथं आमचं भाताचं खाचर होतं. चुलत्यांनी इकलं." तक्रार नव्हती त्यात. दगडावरून पाणी कुठून कसं यायचं ते हातानं दाखवत होता. माझी विहीर जिथं होती तिथून आज ट्रक जातात, मीही पोरांना ती जागा तशीच दाखवतो. त्या दिवसापासून त्या घरात मला झोप नीट लागत नाही, हे बायकोलाही सांगितलेलं नाही, आज इथं लिहितोय.

आता पाण्याचं.

२०१६ चा उन्हाळा आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते एप्रिल २०१६. आमच्या गावात टँकर होता. टंचाईत माणशी दिवसाला २० लिटर हा सरकारी हिशोब. मी घागर लावून रांगेत उभा होतो आणि खोपोलीहून फोन आला. "शेठ, उद्या पार्टी येतेय मुंबैची. हौदातलं पाणी हिरवं झालंय, बदलायला लागेल. टँकर सांगू?"

वीस फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल. ८०० घनफूट, म्हणजे साडेबावीस हजार लिटर. रांगेत उभ्या उभ्या मी २० नं भागलं. अकराशे माणसांचं एक दिवसाचं पाणी. माझ्या पुढं उभ्या होत्या त्या काकूंनी विचारलं, "काय रं, कुणाचा फोन?" मी म्हणालो, "कामाचा."

टँकर सांग म्हणालो. नाही म्हणून काय झालं असतं? तो सौदा मोडला असता तर ते पाणी काही आमच्या गावाला आलं नसतं. आणि त्याच मे महिन्याच्या भाड्यातून पोरीच्या वसतिगृहाचे पैसे भरले, चार जनावरांना कडबा घेतला, द्राक्षाचा एक एकर टँकरनं जगवला. त्या वर्षी रानात काहीच झालं नव्हतं. आण्णांनीही तेव्हा घराला नावं ठेवायचं बंद केलं. म्हणून सांगतो, घर अगदीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ज्या वर्षी आपलं आभाळ फिरतं त्या वर्षी दुसरीकडचा पैसा कामाला येतो, हे खरं आहे.

जाता जाता एक गोष्ट, कृषी अधिकारी मंडळी इथं वाचतात म्हणून. खोपोलीत टाटांचं वीजघर आहे, १९१५ पासूनचं. घाटमाथ्यावर वळवण आणि शिरवट्याच्या धरणांत पाणी अडवून ते पाइपातून खाली सोडतात, वीज काढतात आणि ते पाताळगंगेनं समुद्राकडं जातं. ते पाणी मुळात इंद्रायणीच्या खोऱ्यातलं, म्हणजे भीमेचं, उजनीकडं यायचं. आपल्या धाराशिव शहराचा नळ उजनीवर आहे. मी घराच्या गच्चीवरून तो डोंगर बघतो तेव्हा मला धबधब्यापेक्षा हेच आठवतं. पाहुण्यांना असलं काही सांगत नाही.

मार्च २०२० मध्ये पार्क बंद झालं, टाळेबंदी लागली. सहा-सात महिने एक रुपया नाही, पगार आणि वीज चालूच. मग वर्षाच्या शेवटाला उलटंच झालं. पार्क अजून बंद, पण कंटाळलेली शहरातली माणसं स्वतःपुरतं घर मागायला लागली. तेव्हा समजलं की लोक इमॅजिकासाठी येतात हे अर्धंच खरं. हौद, शेकोटी आणि मोठ्यानं गाणी लावायला जागा, एवढं त्यांना पुरतं. हे समजलेला मी एकटा नव्हतो. कर्जत, खोपोली, पालीकडं असली घरं एवढी उभी राहिली की भाडं जिथल्या तिथं थांबलं. पार्क काढणारी कंपनीही कर्जात गेली होती, २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहानं ते घेतलं. एवढ्या मोठ्यांचा अंदाज चुकला तिथं आमचं काय?

आज घराला बोली किती? एजंट तोंडानं ६२ लाख सांगतो. खरं बघायला आलेलं शेवटचं गिऱ्हाईक ५४ वर थांबलं. आणि बांधाजवळचं ते काळं रान? मागच्या वर्षी त्यातला एक एकर १८ लाखांना गेला. आण्णा आता नाहीत. असते तरी बोलून दाखवलं नसतं, नुसतं त्या बांधावर जाऊन बसले असते.

तर रेल्वेचे पैसे आलेल्या भावांनो, मला विचाराल तर पहिलं विहीर, पाइपलाइन, रान. शेजारी रान मिळत नसेल आणि भाड्याचंच खूळ डोक्यात असेल, तर तुळजापुरात बघा. तिथं वर्षभर माणूस येतो, नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, आणि नळ गळाला तर अर्ध्या तासात तुम्ही पोहोचता. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलंय, स्वतःच्या रानात दोन खोल्या काढून नोंदणी करता येते, नळदुर्गच्या वाटेवर रान असेल त्यांनी विचार करावा. त्यातही चादरी धुवायला कुणीतरी लागणार आणि ते काम घरच्या बाईच्या गळ्यात पडणार, हे आधी घरात बोलून घ्या. माझ्याकडं कुणी बोललं नव्हतं.

मी घर विकायला काढलंय. दिवाळीपर्यंत ५४ च्या आसपास जो देईल त्याला देणार. नव्या मालकानं राखण करणाऱ्या जोडप्याला ठेवावं एवढी अट तोंडी घालतोय. कागदावर ती घालता येत नाही असं वकील म्हणाले.

आज सकाळी त्याचा फोन होता. तिकडं चार दिवस झड लागलीय, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गळतंय. "आणि शेठ, हौद आपोआप भरला, वरून वाहतोय." ताडपत्री टाक म्हणालो, पैसे पाठवतो. इथं सोयाबीन दुपारी माना टाकतंय. उद्या सकाळी लाइट साडेसहाला आहे, तुषार संच माळाच्या कडेनं जोडायचाय, उरलेली कोळपणी त्याच्यानंतर.