कुर्डीचा चौथरा

मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी उतरलं की गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव उघडं पडतं. माडांचे काळवंडलेले बुंधे, चिऱ्यांचे पडके चौथरे, भेगाळलेली जमीन. उठून गेलेले गावकरी त्या दिवसांत येतात, सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. मी गेले तेव्हा एका आजोबांनी काठीनं चौथरा दाखवला. "हें मोगूबायचें घर."

गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ सालचा. मुलीनं गाणारीच व्हावं हा आईचा, जयश्रीबाईंचा, ध्यास. ती माउली १९१४ मध्ये गेली आणि पोरीच्या नशिबी नाटकमंडळ्या उरल्या. सांगलीत त्यांचा रियाज थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर पडला, ते आपणहून शिकवू लागले. ही गोष्ट आपण फार हौसेनं सांगतो. खाँसाहेब मुंबईला गेल्यावर त्यांच्या मागोमाग जाऊन तालमीसाठी काढलेली वर्षं सांगायला मात्र कुणाला सवड नसते.

१९३९ मध्ये पती गेले. पदरात तीन मुलं, थोरली किशोरी, पुढे स्वतः गायिका झालेली, तेव्हा जेमतेम सात वर्षांची. माईंनी, म्हणजे मोगूबाईंनी, गाण्यावर घर चालवलं आणि घरातच मुलीला तालीम दिली. अस्थायी-अंतरा दोनदा म्हणायचा, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात उचललं तर उचललं. किशोरीताई पुढे हे सांगत, तेव्हा त्यात तक्रार नसायची. मला मात्र पूर्वी ही शिस्त निष्ठुर वाटे. आता वाटतं, जिला स्वतःला तालमीसाठी इतकं ताटकळावं लागलं, तिला गाफील कानापुढे तीच जागा पुन्हा घेणं परवडलं नसावं. लयीवर एवढी हुकमत असलेली बाई एक मात्रा वाया जाऊ देत नव्हती, मग वेळ कसा देईल?

त्या घरातून मुलीला आणखी एक गोष्ट मिळाली, तिच्याबद्दल आपण जरा दबकून बोलतो. माईंच्या मागे तंबोरा घेऊन बसणाऱ्या मुलीनं मैफलींची दुसरी बाजूही पाहिली. उतरायची सोय कुणाच्या तरी घरी, बिदागी तुटपुंजी, मान त्याहून कमी. माई गिळत गेल्या. मुलीनं ते मनात नोंदवून ठेवलं. पुढे किशोरीताई मैफलीत बोलणाऱ्यांवर भडकत, व्यवस्थेवरून आयोजकांना धारेवर धरत, तेव्हा लोक 'लहरी' म्हणून मोकळे होत. मीही म्हटलं आहे. ती लहर नव्हती, आईच्या वेळची थकबाकी होती. वसूल करायला मुलगी उभी राहिली, इतकंच.

माईंना १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. पद्माताई तळवलकर, बबनराव हळदणकर असे शिष्य त्यांच्या हाताखालून गेले. तरी आज ओळख करून देताना आपण 'किशोरीताईंच्या आई' म्हणतो. हे उलटं आहे. किशोरीताई मोगूबाईंच्या कन्या होत्या.

माई २००१ च्या फेब्रुवारीत गेल्या, ताई २०१७ च्या एप्रिलमध्ये.

त्या दिवशी चौथऱ्यावर बकऱ्या बसल्या होत्या. आजोबांनी त्या हाकलल्या नाहीत, मीही नाही. तुम्हाला जायचं असेल तर मे संपायच्या आत जा. पावसानं जोर धरला की तो चौथरा पुन्हा पाण्याखाली जातो.