कॅलेंडरवरची टिंबं

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सगळं लिहिलेलं असतं. दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, नळाला पाणी कधी आलं. पाळीच्या दिवशी मी लाल पेनाने टिंब देते, लग्नाआधीपासूनची सवय आहे ती. जितके दिवस जाईल तितकी टिंबं. २०२२ च्या पावसाळ्यापर्यंत दर महिन्याला चार, कधी पाच.

त्या नोव्हेंबरात माझं बाळ गेलं. नववा आठवडा होता; सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं, भूल दिली, पिशवी साफ केली आणि संध्याकाळी मी घरी आले. टाका नाही, खूण नाही. ‘क्युरेटिंगच तर आहे’ असं जो तो म्हणाला आणि मीही तेच धरून बसले. रडले ती बाळासाठी. पिशवीला काही झालं असेल असं मनातही आलं नाही.

पाच आठवड्यांनी पाळी आली. दीड दिवस, चॉकलेटी डाग, एक पॅडही भरलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. आमच्याकडे औरंगाबादला सिडकोत तेव्हा नळाला आठवड्याने पाणी यायचं. पाळीत चादर, परकर धुवायचे तर ड्रममधलं पाणी तांब्या-तांब्याने मोजावं लागायचं. सासूबाई म्हणाल्या, “सुटलीस माय.”

त्यांना मी दोष देत नाही. त्या बीडकडच्या. त्यांच्या दोन्ही बहिणी ऊसतोडीला जायच्या, दोघींचीही पिशवी पस्तिशीच्या आत काढलेली. २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत काम थांबलं की मजुरी बुडते, अशा घरातून आलेल्या बाईला अंगावरून कमी जाणं हे नशीबच वाटणार.

पण दुसऱ्या महिन्यापासून पोटात कळा सुरू झाल्या. बरोबर पाळीच्या तारखेला, ओटीपोटात, पिळवटून काढल्यासारख्या. आणि बाहेर मात्र दोन थेंब. मार्चमध्ये तर तेही नाही. कळा दोन दिवस आल्या आणि गेल्या. त्या चौकोनात काय लिहावं कळेना, मग मी निळ्या पेनाने फुली मारली. दुखलं, पण गेलं नाही, याची खूण. मी पहिल्या दवाखान्यात परत गेले. “टेन्शन घेऊ नका, होतं असं,” एवढं ऐकून पाळी यायच्या गोळ्या घेऊन आले. तीन महिने गोळ्या खाल्ल्या. निळ्या फुल्या वाढत गेल्या.

माझी मावशी घाटी रुग्णालयात सिस्टर होती, आता रिटायर झाली आहे. जूनमध्ये ती घरी आली होती. मी गरम पाण्याची पिशवी पोटावर धरून पडलेली. तिने विचारलं, “दुखायलंय तर जाया लागलंय का नाही?” मी कॅलेंडर दाखवलं. ती उभ्या उभ्या पानं उलटत राहिली. मग म्हणाली, “तारखेला दुखतंय अन् जात नाही, म्हणजे आत काहीतरी अडलंय. उद्याच चल.”

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी ती पानं टेबलावर पसरली आणि पहिला प्रश्न विचारला तो ‘क्युरेटिंग कधी झालं?’ हाच. मग कागदावर पिशवी काढून दाखवली. आतल्या अस्तराचे दोन थर असतात. वरचा दर महिन्याला गळून जातो, खालचा राहतो आणि त्यातून नवा उगवतो. खरवडताना खालच्या थराला इजा झाली तर भिंती एकमेकींना चिकटतात. मग अस्तर वाढत नाही, किंवा रक्त आतच कोंडतं. याला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात. जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. म्हणजे पंचाहत्तर वर्षं माहीत असलेली गोष्ट, आणि मला आठ महिन्यांत तिचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. गर्भ असा थांबला तर धारदार क्युरेटने खरवडण्यापेक्षा नळीने ओढून घ्यावा किंवा गोळ्या द्याव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, हेही मला त्या दिवशी कळलं. नोव्हेंबरात मी एवढं तरी विचारायला हवं होतं, हे अजून मनातून जात नाही.

सप्टेंबरमध्ये दुर्बिणीतून पाहिलं. पिशवीच्या तोंडाशी आणि आत एका बाजूला पांढुरके पडदे होते. बारीक कात्रीने सोडवले. परत चिकटू नये म्हणून काही दिवस आत छोटा फुगा ठेवला आणि अस्तर वाढायला दोन महिने हार्मोनच्या गोळ्या दिल्या. फुगा असेपर्यंत बसता-उठता जाणवायचा. रात्री झोप लागायची नाही, नवरा वाळूजची रात्रपाळी बदलून घरी थांबायचा.

गोळ्या संपल्यावर पाळी आली. लाल. मी बाथरूममध्येच भिंतीला टेकून उभी राहिले आणि हुंदका फुटला, तो कशाचा हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी ड्रममधलं पाणी मी मोजलं नाही. कॅलेंडरवर तीन टिंबं पडली.

आताही तीनच पडतात. चार-पाच पुन्हा झाली नाहीत. कळा मात्र गेल्या. पुन्हा दिवस गेले तर वार पिशवीला घट्ट चिकटण्याचा धोका असतो, तेव्हा पहिल्याच भेटीत हे सगळं सांगा, असं बाईंनी बजावलं आहे. माझ्या फायलीत डिस्चार्ज कार्डावर औरंगाबाद आहे आणि शहराचं नाव बदलल्यानंतरच्या दुर्बिणीच्या रिपोर्टवर छत्रपती संभाजीनगर. त्या दोन्हींच्या वर मी एक कोरा कागद लावला आहे. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: क्युरेटिंग, नोव्हेंबर २०२२. चिकटलेलं सोडवलं, सप्टेंबर २०२३. खाली कॅलेंडरची ती पानं टाचली आहेत, फुल्यांसकट.