टिचकी

आमच्या आबांच्या पाच वस्तूंना घरात कोणी हात लावीत नसे. चिलीम, तिच्या पोटात बसवायचा खडा, ओली छापी, लहानसा चिमटा आणि तंबाखूची चंची. यांपैकी चिलीम मातीची आणि बाजारात मिळणारी होती. फुटली तर दुसरी आणावी. खडा मात्र आबांनी खानापूरच्या बाजूला मलप्रभेच्या पात्रातून स्वतः निवडून आणलेला होता. खडा अगदी वाटोळा असला तर वाट बुजते आणि फार बारीक असला तर तंबाखू खाली उतरते, असे ते सांगत. आणि ज्या गांभीर्याने सांगत, त्या गांभीर्याने पुढे मला एकाही न्यायाधीशाने निकाल ऐकवलेला नाही. दिवेलागणीनंतर मच्छे गावच्या आमच्या घराच्या पडवीत ते बसत. खडा बसवणे, तंबाखू सैल भरणे, चुलीतला निखारा चिमट्याने वर ठेवणे, छापी पिळून खालच्या तोंडाभोवती गुंडाळणे, या सगळ्यात पाव घटका जाई. ओढणे पाच-सहा झुरक्यांत संपे.

बाबांनी चिलीम सोडून सिगारेट धरली. त्या काळी ती सुधारणा समजली जाई. सिगारेटला खडा नको, छापी नको, निखारा नको. हाताला काही कामच नाही. त्यामुळे आबा दिवसातून दोनदा ओढीत, तर बाबा वीस वेळा. शेवटची दोन वर्षे त्यांच्या खाटेशेजारी प्राणवायूचे नळकांडे उभे होते, आणि आई शेजारच्या खोलीत त्यांचा खोकला ऐकत रात्र रात्र जागी राही. त्यांच्या मागे तिची ती सवय सुटली नाही. आता ती माझा खोकला ऐकते. कारण कायद्याच्या शिक्षणाबरोबर मीही सिगारेटचे शिक्षण पुरे केले होते, आणि दुसऱ्या विषयात माझी उपस्थिती अधिक नियमित होती.

गेल्या गणेशचतुर्थीला माझा भाचा अमेरिकेहून आला. त्याने माझ्यापुढे बोटभर लांबीची एक धातूची नळी ठेवली.

“मामा, यातून धूर येत नाही.”

“मग काय येते?”

“वाफ. नीट वापरली तर.”

‘नीट’ या शब्दात पुढचे सहा महिने सामावलेले आहेत, हे मला तेव्हा कळले नाही.

ही नळी डायनाव्हॅप नावाची, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात तयार होणारी. तिला वीज लागत नाही. पुढच्या टोकाला चिमूटभर सुका पाला मावेल एवढी वाटी, आत बारीक जाळी आणि वरून बसणारी टोपी. ब्यूटेन वायूच्या छोट्या ज्योतीवर ती टोपी फिरवीत तापवावयाची. टोपीच्या आत दोन धातूंच्या पातळ चकत्या आहेत. दोन धातू उष्णतेने कमीअधिक प्रसरण पावतात, म्हणून चकती वाकते आणि एका ठराविक उष्णतेला ‘टिच्’ असा आवाज करून उलटते. आपल्या विजेच्या इस्त्रीत हेच तत्त्व आहे. टिचकी वाजली की ज्योत बाजूला करून सावकाश ओढावयाचे. पाल्यातील सुगंधी तेले वाफेच्या रूपाने निघतात, पाला मात्र जळत नाही. निवताना चकती पुन्हा उलटते आणि दुसरी टिचकी वाजते. ती ऐकू येईपर्यंत पुन्हा तापवू नये, असा दंडक आहे.

मी तो पहिल्याच दिवशी मोडला. अर्ध्या निवालेल्या टोपीला पुन्हा ज्योत दाखविली. टिचकी वाजली नाही म्हणून आणखी तापविली. पाला करपला, घशाला चटका बसला आणि वर मी टोपी काढावयास बोट लावले! सुमारे २३० अंशांच्या पुढे कोणताही सुका पाला करपू लागतो, हे भाच्याने नंतर सांगितले. बोटाला ते आधीच समजले होते.

मग हळूहळू हात बसू लागला. ज्योत टोपीच्या टोकाजवळ धरली तर टिचकी लवकर वाजते आणि वाफ सौम्य येते. बुडाकडे धरली तर उशिरा वाजते आणि पाला अधिक भाजतो. नळीच्या अंगाला एक भोक आहे. ते बोटाने झाकले की ओढ घट्ट होते, मोकळे सोडले की बाहेरची हवा मिसळून वाफ निवते. पाला फार दाबून भरू नये. जाळी वर सरकवून वाटी अर्धी करता येते. एके रात्री हे सारे करीत असताना एकदम ध्यानात आले की, जाळी म्हणजे आबांचा खडा, आणि भोकावरचे बोट म्हणजे चिलमीभोवती जुळवलेली त्यांची मूठ. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या या पाहुण्याला मी लहानपणापासून ओळखत होतो.

आत काय भरावयाचे, हा प्रश्न वकिलापुढे प्रथम येतो. परदेशात पुष्कळ लोक या नळीत गांजा भरतात. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजाचे शेंडे आणि चरस निषिद्ध आहेत; शेंड्यांवाचून असलेले पान आणि बी त्या व्याख्येबाहेर ठेवले आहेत. या फटीतून आत शिरणारे अशील मी पाहिले आहेत. बाहेर येताना त्यांचे हाल होतात. त्या वाटेला मी गेलो नाही. २०१९ च्या ई-सिगारेट बंदीच्या कायद्याची व्याख्या ‘इलेक्ट्रॉनिक उपकरण’ या शब्दांनी सुरू होते, परंतु पुढे न जाळता तापविणाऱ्या वस्तूंचाही तीत समावेश आहे. ज्योतीवर तापणारी नळी त्यात बसते की नाही, यावर मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकेन. फी आधी मिळाल्यास अधिक चांगला. एवढे खरे, की संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, फुफ्फुसाला नव्हे.

पहिल्या आठवड्यात मी निपाणीची तंबाखू भरली. हे आईला ठाऊक नव्हते. हा अंक घरी आल्यावर होईल. चव बरी लागली, पण धूर नाही म्हणून निकोटिन थोडेच जाते? आमच्या डॉक्टरांनी नळी उलटसुलट पाहून सांगितले, “फुफ्फुसाला हवेखेरीज काही लागत नाही, वकीलसाहेब.” मग तुळस आणि ओवा भरू लागलो.

चिलमीचे समर्थन करताना मी एकदा आईला शिर्डीच्या साईबाबांची आणि शेगावच्या गजानन महाराजांची आठवण करून दिली होती. ती म्हणाली, “त्यांना शोभली. तुझ्या दर्शनाला कोण येतंय?” तेव्हा संतांचा आधार सोडून मी शास्त्राचा धरला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात औषधी धूमपानाचा विधी आहे. नळी सरळ असावी, तिला तीन पेरे असावीत आणि प्रयोगाप्रमाणे लांबी ओढणाऱ्याच्या स्वतःच्या बोटांनी चोवीस, बत्तीस किंवा छत्तीस अंगुळे असावी, असे तेथे म्हटले आहे. कारणही दिले आहे: दुरून, पेरांत अडखळत आलेला धूर सौम्य होतो आणि इंद्रियांना बाधत नाही. माझी नळी पुरती पाच अंगुळांचीही नव्हती. ओठ का भाजतात, ते समजले.

मच्छे येथे औद्योगिक वसाहत आहे, आणि तेथे लेथवर काय होत नाही? हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे गेलो. त्याने नळीचे निमुळते तोंड मोजपट्टीने मोजले.

“कसला पार्ट ओ हा, वकीलसाब?”

“औषधाचा.”

“लांबी किती धरू?”

मी माझी बोटे पुढे केली. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला; मग त्याने बोटे मोजली. चोवीस अंगुळांचे काम दीड फुटाच्या आत बसले. खानापूरकडचा वेळू, मध्ये पितळेच्या दोन जोडण्या, तीन पेरे. पैसे घ्यावयास तो तयार नव्हता. त्याचे वडील तंबाखूच्या वखारीत होते, एवढेच म्हणाला. मीही पुढे विचारले नाही.

या लांब नळीतून येणारी वाफ निवालेली असते. सिगारेटी दिवसाला अठरावरून तीनवर आल्या आहेत. शून्यावर आल्या असे शपथेवर सांगता येणार नाही. मात्र आता रात्री दहा वाजता मी पडवीत बसतो, जाळी साफ करतो, जोडण्यांना मेण लावतो, ज्योत पेटवितो. कित्येकदा वाटीत ओवाही नसतो. रिकामी टोपी तापवून मी वाट पाहत राहतो.

टिच्.

आतल्या खोलीतून आई विचारते, “वाजलं?”

“एक वाजलं.”

ती काही बोलत नाही. थोड्या वेळाने टोपी निवते, दुसरी टिचकी वाजते, आणि तिच्या खोलीतला दिवा मालवतो.