तीन गुणांचा शब्द

'सेट' हा इंग्रजी शब्द आपण सगळेच दिवसातून दोन-चारदा तरी वापरतो. टीव्ही सेट, कपबश्यांचा सेट, नाटकाचा सेट, हॉटेलातला सेट डोसा, प्राध्यापक व्हायला द्यावी लागते ती सेट परीक्षा. आमच्या मंडईतल्या मावशीसुद्धा गाडा लावून झाला की म्हणतात, "सगळं सेट हाय बघा!" इतका घरचा झालेला शब्द, त्यामुळे त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही.

माझं लक्ष गेलं ते स्क्रॅबलमुळे. माझं माहेर सांगली, सासर सातारा. दादा सांगलीत गावभागातल्या जुन्या घरात राहतो. मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्याने मला या खेळाचा नाद लावला. आता आम्ही मोबाईलवर खेळतो. रात्री माझी खेळी, सकाळच्या चहाच्या वेळी त्याची.

स्क्रॅबलमध्ये प्रत्येक अक्षराला गुण असतात. एस, ई, टी यांना प्रत्येकी एकच. म्हणजे 'सेट'चे झाले ३. उलट 'क्यू' आणि 'आय' एवढी दोनच अक्षरं लावून चिनी लोकांचा प्राणशक्तीसाठीचा शब्द केला, की ११ गुण! हा खेळ १९३०च्या दशकात आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने तयार केला. वर्तमानपत्रात कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्याने चक्क मोजलं. जे वारंवार येतं ते स्वस्त, जे क्वचित येतं ते महाग. म्हणून १०० सोंगट्यांत ई तब्बल १२ आणि क्यू एकच. पण मुरलेला खेळाडू एस हातात आला की जपून ठेवतो. दुसऱ्याच्या शब्दाच्या शेपटीला तो जोडला की दोन्ही शब्दांचे गुण मिळतात. किंमत एक, उपयोग मोठा.

आता अर्थांचं बघा. १९८९च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत 'सेट' या एकट्या क्रियापदाचे चारशेहून जास्त अर्थ होते. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात 'रन'ने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकलं. गंमत म्हणजे 'रन'चेही गुण तीनच!

इंग्रजी जिथे एका 'सेट'वर भागवते, तिथे आपण किती शब्द वापरतो! पानं मांडतो, गजर लावतो, निखळलेलं हाड बसवतो, हिरा कोंदणात जडवतो. आम्ही मास्तर लोक पेपर काढतो. गणितात तो 'संच' होतो. आणि सूर्य? तो मावळतो. आमच्या महाबळेश्वरला बॉम्बे पॉइंटवर 'सनसेट' बघायला गर्दी होते, तोच हा सेट. (आपणही कमी नाही हं. भूक लागते, ठेच लागते, नजर लागते, गाडी लागते, आणि कुणी आपला मामासुद्धा 'लागतो'! परभाषेतल्या माणसाने काय करावं?)

मला नवल वाटतं ते याचं, की जे नीट बसलं तेही सेट आणि जे मावळतं तेही सेट. लग्नकार्यात लोक दादाला म्हणतात, "तुमचं काय बुवा, दोन्ही मुलं सेट झाली!" खरंच झाली, एक अमेरिकेत, एक बंगळुरूला. आमचीही झाली. मुलं सेट झाली की घरात दोन पानं मांडायची, पुढे कधीतरी एकच. दादाकडे वहिनी गेल्यापासून एकच असतं.

ऑगस्ट २०१९. आमच्या सातारा जिल्ह्यात कोसळलेला पाऊस कृष्णा-कोयनेतून सांगलीला पोचला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागात शिरलं. दादाचा फोन बंद. सकाळचा चहा झाला तरी खेळी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलं अमेरिकेतून आणि बंगळुरूहून मला फोन करत होती आणि मी त्यांना काय सांगणार? तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाईल वाजला. दादा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होता, कुणाच्या तरी इन्व्हर्टरवर फोन चार्ज करून आधी खेळी पाठवली होती. शब्द होता 'सेट'. गुण तीन.

मी लगेच फोन लावला. म्हणाला, "अगं, अक्षरं वाईट आली होती."

हा डाव मी जिंकले, पण किती गुणांनी ते विसरले. ते तीन मात्र लक्षात आहेत. एरवी रोज आपल्या ताटात, कपाटात, तोंडात असलेल्या गोष्टी स्वस्त वाटतात. एखादी सकाळ त्यांच्यावाचून गेली की त्यांचं मोल कळतं.

तुमच्याकडे आहे का असा एखादा तीन गुणांचा शब्द? असेल तर जरूर कळवा. मराठी असला तर दादाला आणि मला जास्त आवडेल.